हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलांना बाहेर नेताना: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. कँडीत ब्लेड सापडलं, चॉकलेटला विष लावलंय, मुलांना बाहेरचं काही खाऊ देऊ नका. मग रात्री जेवणाच्या टेबलावर आईबाबा एकेक चॉकलेट दिव्याखाली धरून तपासत बसतात. तेच पोर दोन तासांपूर्वी काळा झगा आणि डोळ्यांवर घसरणारा मुखवटा घालून, उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधून थेट रस्त्यावर धावलेलं असतं. त्याचं मात्र कुणालाच काही वाटलेलं नसतं.

ही विषारी कँडीची भीती आधी निकालात काढू. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्यांचा माग काढला आहे. घरोघर गोळा केलेल्या खाऊत अनोळखी माणसाने काही मिसळलं आणि त्यामुळे मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, अशी एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडलेली नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एका आठ वर्षांच्या मुलाचा सायनाइड घातलेली कँडी खाऊन मृत्यू झाला, हे खरं. पण ते विष कुणा शेजाऱ्याने दिलेलं नव्हतं. विम्याच्या पैशांसाठी ते त्याच्या सख्ख्या बापाने घातलं होतं, आणि १९८४ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा देण्यात आली, म्हणजे ती अमलात आली.

रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. हॅलोवीनची संध्याकाळ आणि त्याच्या आठवडाभर आधीची व नंतरची संध्याकाळ अशी तुलना केली. पायी चालणाऱ्यांचे मृत्यू हॅलोवीनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाले. ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये हा धोका साधारण दहापट होता, आणि सर्वांत वाईट वेळ होती संध्याकाळी सहाच्या आसपासची.

म्हणून या लेखात रस्त्याला आणि आगीला जास्त जागा दिली आहे. बाकीच्या गोष्टी त्यांच्या त्यांच्या वजनाप्रमाणे.

आधीच्या आठवड्यात

पहिलं काम म्हणजे आपल्या गावाची वेळ शोधणं. ट्रिक ऑर ट्रीट, म्हणजे हॅलोवीनला, ३१ ऑक्टोबरला, मुलांनी वेश घालून दारोदार खाऊ गोळा करत फिरणं, किती ते किती, हे बऱ्याच ठिकाणी टाउनशिप (गावाचं स्थानिक प्रशासन) ठरवते आणि आपल्या संकेतस्थळावर टाकते. काही गावांत तर ते ३१ तारखेला नसतंच, आदल्या दिवशी किंवा शनिवार-रविवारी असतं. नव्याने राहायला आला असाल तर शेजारच्या घरी विचारा. ओळख करून घ्यायला याहून सोपं निमित्त मिळणार नाही.

दुसरं, रस्ता ठरवा, आणि तो दिवसाउजेडी मुलांना घेऊन एकदा चालून या. साइडवॉक कुठे संपतो, कुठल्या कोपऱ्यावर दिवा नाही, कुठे ओलांडायचं, हे पायाखालून गेलं की रात्री गोंधळ होत नाही. सगळं गाव पालथं घालायची गरज नसते. दोन-तीन गल्ल्यांत मुलांच्या पिशव्या भरतात, आणि त्यांचे पाय त्याच्याही आधी दुखायला लागतात.

तुमच्या भागात साइडवॉकच नसतील किंवा घरं फार लांब लांब असतील तर शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये होणारं ‘ट्रंक ऑर ट्रीट’ बघा. गाड्या उभ्या, डिक्क्या सजवलेल्या, मुलं एका डिक्कीपासून दुसरीकडे. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मला तर तेच बरं वाटतं. दारं ठोठावण्याची मजा पुढे आयुष्यभर आहे.

पोशाख

दुकानातून आणा, घरी शिवा, किंवा गणपतीतल्या कार्यक्रमाचा मावळ्याचा पोशाख पुन्हा काढा. तपासायच्या गोष्टी त्याच.

लांबी घोट्याच्या वर हवी. परकर असो की राजकन्येचा झगा, मूल पायऱ्या चढताना पुढून तो पायाखाली येतो. घरातल्याच जिन्यावर एकदा चढवून-उतरवून पाहा. ओढणी, शेला, झुलता पदर असेल तर पिन लावून अंगाशी घट्ट करा. जिरेटोप किंवा टोपी सैल असेल तर आतून इलॅस्टिक लावा, नाहीतर दर दहा पावलांनी ती डोळ्यांवर येते. बूट रोजचेच. आईच्या उंच टाचा घालून फोटो काढा आणि मग बदला.

मुखवटा शक्यतो नकोच. त्यातून समोरचं थोडंफार दिसतं, पण बाजूने येणारी गाडी दिसत नाही, आणि रस्ता ओलांडताना तेच तर लागतं. हट्टच असेल तर दारापुढे घालायचा आणि चालताना डोक्यावर सरकवायचा, असा करार करून टाका. तलवार, गदा, भाला वाकेल अशा फोमचा किंवा मऊ प्लॅस्टिकचा घ्या. खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल मात्र अजिबात नको. अंधारात समोरच्या घरमालकाला किंवा पोलिसाला ते खेळणं आहे हे कळेलच, यावर मुलाचा जीव टांगायचा नाही.

थंडीचा विचार आधीच करा. न्यू जर्सीत, शिकागोत त्या रात्री जॅकेट लागतंच, आणि ‘पोशाखावर जॅकेट घाल’ म्हटलं की रडारड. पोशाख एक साइज मोठा घेतला की आत थर्मल आणि स्वेटर मावतो.

आता दिसण्याबद्दल. व्हॅम्पायर, चेटकीण, बॅटमन, निन्जा, सगळे काळ्यात. हार्डवेअरच्या किंवा सायकलच्या दुकानात परावर्तक टेपचं रीळ मिळतं. ते पाठीवर, बाह्यांवर, कँडीच्या पिशवीच्या दोन्ही बाजूंना आणि बुटांच्या टाचांवर लावा. बुटांवरची पट्टी विसरू नका, कारण चालताना तीच हलते आणि हलणारी वस्तू ड्रायव्हरला लवकर दिसते. मग परीक्षा घ्या. घरातले दिवे मालवा, मुलाला पाठमोरं लांब उभं करा, मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्याच्याकडे रोखा. टेप लख्ख चमकली तर ठीक. टॉर्च लांब धरला तर ती मंद दिसेल, कारण ही टेप प्रकाश जिकडून आला तिकडेच परत फेकते. गाडीचे दिवे आणि ड्रायव्हरचे डोळे जवळपास एकाच रेषेत असतात, म्हणून ती रस्त्यावर उपयोगी पडते. टेपशिवाय हातात छोटी टॉर्च द्या. चमकणाऱ्या ग्लो स्टिकही चालतात. लहान मुलं त्या चावतात आणि आतलं द्रव तोंडात जातं. ते कडू असतं, जिभेला, डोळ्याला चुरचुरतं, पण विषारी म्हणावं असं नाही. तोंड पुसा, पाणी द्या, डोळ्यात गेलं असेल तर डोळा वाहत्या पाण्याने धुवा.

चेहऱ्याचा रंग दोन दिवस आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर. डोळ्यांच्या कडेला लावण्याआधी डबीवरच्या सूचना वाचा, काही रंग तिथे लावायचे नसतात. झोपण्यापूर्वी सगळा रंग काढा, मूल कितीही पेंगुळलेलं असलं तरी.

घरात मोठी मुलगी किंवा मुलगा असेल तर मांजरीच्या डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या रंगीत लेन्सवर लक्ष ठेवा. अमेरिकेत डोळ्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अशा लेन्स विकणं बेकायदा आहे, नंबर नसलेल्या असल्या तरीही. तरी हंगामी दुकानांत आणि ऑनलाइन त्या मिळतात. मापाच्या नसलेल्या लेन्सने बुबुळाला ओरखडा पडतो, जंतुसंसर्ग होतो आणि एका रात्रीच्या हौसेपायी दृष्टी जाऊ शकते.

भोपळा कोरताना

मुलांनी चेहरा काढायचा, मोठ्यांनी कापायचा. आतला गर आणि बिया चमच्याने काढायचं काम मुलांकडे द्या. तसंही त्यांना तेच जास्त आवडतं.

स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेऊ नका. भोपळ्याची साल जाड असते, सुरी अडकते, आपण जोर लावतो, ती एकदम सुटते आणि दुसऱ्या हाताच्या पंजात शिरते. बोटांच्या शिरा तुटल्या की टाके घालून भागत नाही, शस्त्रक्रिया लागते. दुकानात भोपळा कोरण्याच्या संचात बारीक दात्यांची लहान करवत मिळते. दिसायला ती खेळण्यासारखी, पण कामाला सुरीपेक्षा चांगली आणि सुरक्षित. भोपळा आणि हात कोरडे करा, उजेडात बसा, करवत पुढेमागे हलवत अंगापासून लांब न्या आणि धरणारा हात कधीही पात्याच्या समोर येऊ देऊ नका. कोरलेला भोपळा काही दिवसांतच मऊ पडून बुरसतो, म्हणून दोन-तीन दिवस आधीच कोरा.

आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. पण त्या दिव्यात, आणि चमकणाऱ्या मुकुटांत, कांड्यांत, दागिन्यांतही, नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. तिच्या कप्प्याला स्क्रू आहे ना, हे पाहूनच विकत घ्या. लहान मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. शंका आली तरी ताबडतोब इमर्जन्सीत न्या, उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधत थांबू नका.

पणत्या आणि पंखवाल्या पऱ्या

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही, कारण तो आपल्याच घरांचा आहे. २०१६ मध्ये पाडवा ३१ ऑक्टोबरला आला होता, २०२४ मध्ये नरकचतुर्दशी. अशा वर्षी एकाच पायरीवर एका बाजूला भोपळा, दुसऱ्या बाजूला पणत्यांची रांग आणि मध्ये रांगोळी असते. दिसतं सुंदर. आता दाराशी येणाऱ्या मुलांच्या बाजूने बघा. पणती जमिनीवर, म्हणजे बरोबर झग्याच्या घेराच्या उंचीला. परीचे पंख जाळीच्या पातळ कापडाचे. मूल पुढे वाकतं ते बाउलमधलं चॉकलेट बघायला, मागे काय पेटलंय ते त्याला दिसत नाही, आणि मागून आणखी चार मुलं ढकलत असतात.

म्हणून ट्रिक ऑर ट्रीटची वेळ असेपर्यंत तेलातुपाच्या पणत्या देवघरात किंवा मुलांच्या हाती न लागणाऱ्या उंच जागी हलवा आणि बाहेर बॅटरीच्या पणत्या ठेवा. गाव शांत झालं की खऱ्या लावा, दिवाळी रात्रभर आहे. रांगोळी मुलांच्या वाटेतून बाजूला घ्या. गुळगुळीत फरशीवर तिची पूड पायाखाली घसरते, आणि पन्नास जोडी बुटांखाली ती टिकणारही नाही. आकाशकंदील मात्र बिनधास्त टांगा. त्यात बल्ब असतो आणि तो डोक्याच्या वर असतो. कापसासारखी कोळिष्टकं, सुकी मक्याची कणसं-धाटं, क्रेप कागद यांच्या जवळ कुठलीही ज्योत नको. दिव्यांच्या वायरी बाहेर वापरायच्याच असाव्यात, आणि चालायच्या वाटेवरून आडव्या गेलेल्या नसाव्यात.

पोशाखाच्या लेबलवर ‘फ्लेम रेझिस्टंट’ लिहिलेलं पाहा. त्याचा अर्थ कापड पेटतच नाही असा नाही. ते सहज धरत नाही आणि ज्योत दूर केली की लवकर विझतं, एवढाच. घोळदार बाह्या आणि लांब केप शक्यतो टाळा.

कपड्याने पेट घेतलाच तर थांब, खाली पड, लोळ. अमेरिकेतल्या शाळांत मुलांना हे शिकवतात. घरातल्या मोठ्यांनाच कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. मुलाला पळू द्यायचं नाही, जमिनीवर आडवं करून लोळवायचं, जाड सुती चादर किंवा घोंगडी असेल तर तिने दाबायचं. भाजलेल्या जागेवर साधं गार वाहतं पाणी दहा ते वीस मिनिटं. बर्फ नको, तूप नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका आणि ९११ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करा.

रस्त्यावर

न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, कॅलिफोर्नियातल्या बे एरियात सहानंतर दहाएक मिनिटांनी. म्हणजे ऑफिसमधून घरी परतणाऱ्या गाड्या, डोळ्यांना त्रास देणारा संधिप्रकाश आणि मुलांची पहिली झुंड, तिन्ही एकाच वेळी. लहान मुलांना पाचलाच बाहेर काढा आणि अंधार पडायला लागला की घरी आणा.

भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी, आणि विशेषतः नातवंडांबरोबर निघालेल्या आजी-आजोबांसाठी, एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून रस्त्यात पाऊल टाकताना आपली मान आपोआप आधी उजवीकडे वळते. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे पहिली गाडी डावीकडून येते. आपण उजवीकडे बघत पाऊल टाकतो आणि गाडी दुसऱ्याच बाजूने अंगावर येते. ही सवय चाळीस-पन्नास वर्षांची असते, एकदा सांगून जात नाही. आजोबा नातवाचा हात धरून निघणार असतील तर दोन दिवस आधी त्यांच्याबरोबर फेरफटका मारा आणि प्रत्येक कोपऱ्यावर मोठ्याने म्हणा: आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नातवंडांना ‘तुम्ही आजोबांना आठवण करायची’ असं सांगितलं तर ती फारच निष्ठेने करतात.

ओलांडायचं ते फक्त कोपऱ्यावर किंवा पट्ट्यांवर. उभ्या गाड्यांच्या मधून कधीच नाही. समोरच्या घरी मोठा सांगाडा हलताना दिसला की मुलं थेट पळत सुटतात, म्हणून आधी रस्त्याची एक बाजू पूर्ण करा, मग एकदाच ओलांडून दुसरी बाजू धरा. इकडून तिकडे, तिकडून इकडे नको. साइडवॉक नसेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चाला. गाडी थांबली म्हणून लगेच निघू नका. ड्रायव्हरने आपल्याकडे पाहिलंय का ते बघा आणि पलीकडच्या लेनमधली गाडीही थांबू द्या. ड्राइव्ह-वेमधून मागे येणाऱ्या गाड्यांचे पांढरे दिवे मुलांना ओळखायला शिकवा.

बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवंच. गट मोठा असेल तर एक मोठा पुढे, एक मागे. आणि ‘मोठा’ म्हणजे मोबाइल खिशात असलेला. चार आया गप्पा मारत मागे आणि सात मुलं एका गल्लीने पुढे, हे दृश्य दरवर्षी दिसतं.

त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः गाडीत असाल तर साडेपाच ते साडेनऊ वस्तीतल्या रस्त्यावर वेगमर्यादेच्याही खाली राहा. एक मूल रस्ता ओलांडून गेलं की त्याच्या मागे दुसरं येणार हे धरूनच चाला. थांबलेल्या गाडीला वळसा घालून पुढे जाऊ नका, ती बहुतेक मुलांसाठीच थांबलेली असते. जमलं तर ऑफिसातून चारला निघा. त्या दिवशी मॅनेजरही लवकर पळतो.

दाराशी

पोर्चचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे येऊ नका. हा अलिखित नियम सगळ्या अमेरिकेत चालतो. दिवा बंद असलेल्या घराची बेल वाजवायची नाही, मग आत टीव्ही दिसत असला तरी.

जायचं ते पुढच्या दाराशी, मुख्य वाटेने. हिरवळीतून आडवं जाऊ नका. पानांखाली खड्डे, पाण्याच्या तोट्या आणि सजावटीच्या वायरी असतात. मागच्या अंगणात, गॅरेजच्या बाजूच्या दाराशी कधीच नाही. बेल वाजवून दोन पावलं मागे उभं राहायचं. खाऊ घ्यायचा, ‘थँक यू’ म्हणायचं, निघायचं. घरात पाऊल टाकायचं नाही, कुणी कितीही प्रेमाने बोलावलं तरी. कुणाच्या गाडीजवळही जायचं नाही.

हे नियम मी जरा कडक मांडते आहे, त्याला कारण आहे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मित्राबरोबर हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घरी गेला. घरमालक बंदूक घेऊन गॅरेजच्या बाजूच्या दाराशी आला आणि ‘फ्रीझ’ म्हणून ओरडला. मुलाला त्याचा अर्थ कळला नाही, तो हसत पुढे आला आणि गोळी लागून गेला. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला, दिवाणी खटल्यात त्याच्यावर जबाबदारी आली. असं रोज घडत नाही, पण या देशात घराघरांत बंदुका असतात. मुलांना, आणि भारतातून शिकायला आलेल्या भाच्या-पुतण्यांनाही, ‘फ्रीझ’ किंवा ‘डोन्ट मूव्ह’ ऐकलं की जागच्या जागी थांबायचं आणि हात दिसतील असे ठेवायचे, हे एकदा स्पष्ट सांगा. पार्टीला जाताना घराचा नंबर तपासा, दाराशी पोहोचण्याआधी मित्राला फोन करा.

दाराच्या आतल्या बाजूला आजी-आजोबा

बहुतेक घरांत आईबाबा मुलांबरोबर बाहेर असतात आणि बाउल घेऊन दाराशी आजी. तिला आधी कल्पना द्या, नाहीतर रक्तबंबाळ चेहऱ्याची सहा फुटी पोरं बघून ती दार लावून घेईल. पोर्च उजळ ठेवा, पायऱ्यांवरची ओली पानं झाडा, कुत्रा आतल्या खोलीत बांधा. मुलांना आत बोलवायचं नाही, गालाला हात लावायचा नाही, कुणाचा रे तू असं विचारायचं नाही. प्रत्येकाला एक-दोन चॉकलेटं आणि ‘हॅपी हॅलोवीन’, बास. बेल वाजवून ढकलाढकली करणारी मोठी मुलं आली तर दिवा बंद करून आत बसायचं. खाऊ संपला तरी तेच.

आणि घरचा लाडू, चकली, करंजी वाटू नका. मन मोठं असलं तरी ते पुढच्या वळणावर कचऱ्यातच जातं, कारण बंद वेष्टनातलं नसलेलं काहीही इथले पालक टाकून देतात. शिवाय आपल्या फराळात काजू, शेंगदाणे, तीळ, दूध असतं, आणि दारातल्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसतं.

पायरीवर निळसर-हिरवा भोपळा दिसला तर त्या घरी स्टिकर, पेन्सिली, छोटी खेळणी असा न खाण्याचा पर्यायही मिळतो, असा त्याचा अर्थ. ‘फेअर’ या ॲलर्जीविषयक संस्थेने ही मोहीम २०१४ मध्ये देशभर नेली. तुमच्याच मुलाला ॲलर्जी असेल तर बाहेर पडताना एपिनेफ्रिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत टोचायचं इंजेक्शन) बरोबर घ्या, घरी येईपर्यंत काही खायचं नाही असा नियम करा, आणि ओळखीच्या ब्रँडचीही छोटी कँडी लेबल पाहिल्याशिवाय देऊ नका. मोठ्या बारचे आणि त्याच्या छोट्या आवृत्तीचे घटक कधीकधी वेगळे असतात.

मोठी मुलं

तेरा-चौदा वर्षांची मुलं तुमच्याबरोबर येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तीन-चार जणांचा गट, ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली परतायची वेळ, चार्ज असलेला फोन आणि लोकेशन चालू, एवढं पुरे. काही गावांत वयाची अटही असते. व्हर्जिनियातल्या चेसापीकमध्ये बारा वर्षांवरच्यांना बंदी होती, २०१९ मध्ये ती चौदावर नेली. ३० तारखेची रात्र न्यू जर्सीत ‘मिस्चीफ नाइट’ म्हणून ओळखली जाते. झाडांवर टॉयलेट पेपर, घरांवर अंडी. काही गावं त्या रात्री मुलांसाठी संचारबंदी लावतात. गंमत म्हणून गेलेला मुलगा पोलिसांच्या गाडीतून परत यायला नको असेल तर हे आधी बोला.

कॉलेजातल्या मुलांचा धोका वेगळा आहे. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियातल्या सोलच्या इतेवॉन भागात हॅलोवीनसाठी जमलेल्या गर्दीत एका अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी झाली आणि त्यात १५९ जणांचा जीव गेला. न्यू यॉर्कमध्ये सिक्स्थ ॲव्हेन्यूवर निघणाऱ्या मिरवणुकीला किंवा अशाच कुठल्या गर्दीत जाणार असतील तर त्यांना सांगा: चारी बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं की तिथून निघायची वेळ झाली. तोपर्यंत हालचाल करता येते, नंतर नाही. अडकलात तर हात छातीपुढे धरून श्वासाला जागा ठेवा, लाटेच्या विरुद्ध जोर लावू नका, ती ओसरली की तिरकं कडेकडे सरका, पडलेला फोन उचलायला वाकू नका.

खाऊ घरी आल्यावर

आता टेबलावर सगळं ओता. वेष्टन फाटलेलं, सैल, घरी बांधलेलं असेल ते टाका. यात पाच मिनिटांहून जास्त वेळ घालवू नका.

खरी छाननी वेगळी आहे. चार वर्षांखालचं भावंड घरात असेल तर कडक गोळ्या, च्युइंग गम, पॉपकॉर्न, अख्खे दाणे वेगळे काढा, घशात अडकतात ते हेच. शाकाहारी घरांनी गमी, मार्शमेलो आणि कँडी कॉर्नची लेबलं वाचा, त्यांत बहुधा जनावरांच्या हाडा-कातडीपासून केलेलं जिलेटिन असतं. कुत्र्याला चॉकलेट आणि बेदाणे घातक, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेला शुगर-फ्री गम तर फारच. पिशव्या जमिनीवर ठेवू नका.

गांजाच्या गमी कुणी अनोळखी माणूस फुकट वाटत बसत नाही, त्या महाग असतात. पण जिथे त्या कायद्याने विकल्या जातात, न्यू जर्सीत २०२२ पासून, तिथे त्या मोठ्यांच्या पार्टीत टेबलावर किंवा कुणाच्या घरी ड्रॉवरमध्ये असतात, आणि दिसतात कँडीसारख्याच. मूल अचानक फार झोपाळू झालं, झोकांड्या द्यायला लागलं तर ही शक्यता डॉक्टरांना न लाजता सांगा. परिणाम दिसायला तासभर किंवा अधिकही लागू शकतो.

फोन

श्वास लागत असेल, मूल शुद्धीवर नसेल, ॲलर्जीने चेहरा सुजला असेल किंवा उलट्या थांबत नसतील तर ९११. ॲलर्जीत आधी पेन टोचा, मग फोन करा.

मुलाने काहीतरी गिळलं, चाटलं, डोळ्यात गेलं, पण ते ठीक दिसतंय, अशा वेळी पॉइझन कंट्रोल: १-८००-२२२-१२२२. दिवसरात्र चालू असतं, परिचारिका आणि औषधतज्ज्ञ स्वतः बोलतात. पैसे पडत नाहीत, विमा विचारत नाहीत, दुभाष्याचीही सोय करून देतात. इमर्जन्सीच्या बिलाला घाबरून सकाळपर्यंत बघू म्हणणारी घरं आपल्यात बरीच आहेत. हा नंबर ३१ तारखेच्या आधीच घरातल्या सगळ्यांच्या, आजी-आजोबांच्याही, मोबाइलमध्ये टाकून ठेवा.